दाखवीन, पण देणार नाही!

‘ओपन सोर्स’ हा शब्द आता कुणाला नवीन राहिलेला नाही. लॅबमध्ये लिनक्स, खिशात अँड्रॉइड, आणि सेमिनारला विषय सुचला नाही की ‘ओपन सोर्स : काळाची गरज’ ठरलेलंच! त्याच्या विरुद्ध टोकाला ‘क्लोज्ड सोर्स’, म्हणजे विंडोज, ऑटोकॅड, फोटोशॉप वगैरे मंडळी. हे दोन पक्ष आणि त्यांची भांडणं सगळ्यांना माहीत आहेत. पण या दोघांच्या मधोमध एक तिसरा प्रकार आहे, आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांचा नोकरीत सगळ्यात आधी संबंध येतो तो त्याच्याशीच. कंपनी आपला सोर्स कोड जगापासून लपवून ठेवते, पण काही निवडक लोकांना दाखवते. कुणाला दाखवायचा, किती दाखवायचा आणि कोणत्या अटीवर, हे सगळं कंपनीच ठरवते. आजचा लेख या तिसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

आधी सिव्हिल-मेकॅनिकलच्या मित्रांसाठी दोन शब्द. प्रोग्रॅमर जो वाचता येण्यासारखा मजकूर लिहितो तो सोर्स कोड. कंपायलर त्याचं मशीनच्या भाषेत रूपांतर करतो, ती बायनरी. आपण सीडीवरून किंवा नेटवरून घेतो ती बहुतेक वेळा बायनरीच असते. बायनरी म्हणजे तयार गिअरबॉक्स आणि सोर्स म्हणजे त्याचं ड्रॉइंग. गिअरबॉक्स वापरता येतो, खोलून अंदाजही बांधता येतो. पण कुठला टॉलरन्स किती आणि का ठेवला, हे ड्रॉइंगवरच कळतं.

आता फर्स्ट इयरची ग्राफिक्सची शीट आठवा. सबमिशन उद्यावर आलंय आणि सिनियरकडे पूर्ण शीट आहे. तो तीन गोष्टी करू शकतो. एक, दारच उघडणार नाही. दोन, शीट देऊन टाकेल : ‘घे, जीटी मार, चुका असतील तर सुधार आणि पुढे ज्युनियरला दे.’ तीन, तो म्हणेल : ‘माझ्या रूमवर ये, बघ, समजून घे, शंका विचार. पण शीट रूमबाहेर जाणार नाही, काच आणि बल्ब आणायचा नाही, आणि काय बघितलंस ते कुणाला सांगायचं नाही.’ (स्टाफने हा परिच्छेद वाचलेला नाही असे समजावे.) पहिला क्लोज्ड सोर्स, दुसरा ओपन सोर्स आणि तिसरा तो ‘शेअर्ड सोर्स’.

माझं म्हणणं थोडक्यात असं की ‘कंपनीने सोर्स कोड दाखवला’ हे वाक्य अर्धवट आहे. ते ऐकलं की पुढचे तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत. दाखवलेल्या कोडमधून आपल्याला स्वतः प्रोग्रॅम बिल्ड करता येतो का? त्यात बदल करता येतो का? आणि जे कळलं ते दुसऱ्याला सांगता येतं का? या तीन उत्तरांवरून कळतं की आपल्याला काही मिळालं, की नुसतं दर्शन घडलं.

युनिक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स

हा प्रकार मायक्रोसॉफ्टने शोधून काढला असं पुष्कळांना वाटतं. पण त्याचं खूप जुनं आणि गाजलेलं उदाहरण म्हणजे युनिक्स. अमेरिकेतली टेलिफोन कंपनी एटी अँड टी हिने १९५६ साली सरकारशी झालेल्या तडजोडीत टेलिफोनशिवाय दुसऱ्या धंद्यात शिरणार नाही असं मान्य केलं होतं. तिच्याच बेल लॅब्जमध्ये १९६९ पासून युनिक्स तयार झाली. कंपनीला ती बाजारात सरळ विकता येईना, म्हणून विद्यापीठांना अगदी कमी पैशांत लायसन्स देऊन सोर्ससकट देण्यात आली. मदत नाही, गॅरंटी नाही. टेप घ्या आणि तुमचं तुम्ही बघा!

विद्यापीठांनी बघितलंच. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा कर्नल घेतला. तो दहा हजार ओळींच्याही आत होता, म्हणजे एका माणसाला पूर्ण वाचता येईल एवढा. १९७६ च्या सुमारास त्यांनी तो कोड एका पुस्तिकेत छापला आणि दुसऱ्या पुस्तिकेत त्याचं ओळीओळीने स्पष्टीकरण लिहिलं. खरीखुरी, चालती ऑपरेटिंग सिस्टिम वर्गात वाचायला मिळणं ही त्या काळी केवढी गोष्ट असेल!

पण १९७९ मध्ये सातवी आवृत्ती आली ती नवं लायसन्स घेऊन. या आवृत्तीचा कोड वर्गात शिकवायला वापरायचा नाही अशी त्यात अट होती. ज्यांच्याकडे लायसन्स नाही त्यांना लायन्सचं पुस्तकही अधिकृतपणे मिळेना. मग विद्यार्थ्यांनी जगभर जे केलं ते आपल्याला वेगळं सांगायला नको. पुस्तकाची झेरॉक्स, तिची झेरॉक्स, तिची पुन्हा झेरॉक्स. पुस्तक कायदेशीरपणे छापून सर्वांना मिळालं ते १९९६ साली, म्हणजे जवळजवळ वीस वर्षांनी.

या बंदीचा परिणाम मात्र कंपनीने कल्पनाही केली नसेल असा झाला. ॲमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅननबॉम (हो, आपल्या नेटवर्क्सच्या जाडजूड पुस्तकाचे लेखक तेच!) यांना वर्गात शिकवायला कोडच उरला नाही. म्हणून त्यांनी स्वतः नवीन सिस्टिम लिहिली आणि १९८७ मध्ये पुस्तकासोबत प्रसिद्ध केली. ती मिनिक्स. १९९१ मध्ये हेलसिंकीतला लिनस टोरवाल्ड्स हा विद्यार्थी मिनिक्सवरच काम करत होता. मिनिक्सचा कोडही वाचायला मोकळा होता, पण बदल करून वाटायला त्या वेळी मोकळा नव्हता. लिनसने आपला कर्नल सुरू केला आणि पुढचं सगळं आपल्या लॅबमध्ये चालू आहे.

यातून पहिला धडा मिळतो. दाखवणारा हक्क स्वतःकडे ठेवून दाखवत असेल, तर पुढच्या आवृत्तीला तो दार लावूही शकतो. दिलेलं परत घेता येत नाही, दाखवणं मात्र केव्हाही थांबवता येतं.

मायक्रोसॉफ्टची खिडकी किलकिली होते

३ मे २००१ रोजी मायक्रोसॉफ्टचे एक वरिष्ठ अधिकारी क्रेग मंडी यांनी न्यूयॉर्क विद्यापीठाच्या स्टर्न बिझनेस स्कूलमध्ये भाषण केलं. लिनक्सचा जोर वाढत होता. मोठी गिऱ्हाइकं आणि सरकारं विचारू लागली होती की तुमच्या सॉफ्टवेअरच्या पोटात काय आहे ते आम्हाला का दिसत नाही? मंडी यांनी जीपीएल लायसन्सवर टीका केली आणि त्याला पर्याय म्हणून ‘शेअर्ड सोर्स’ हे नाव पुढे केलं. मालकी आमचीच, पण गरजेप्रमाणे कोड दाखवू, असा त्याचा सारांश होता.

या एका नावाखाली बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी होत्या आणि गोंधळ तिथेच होतो. मोठ्या ग्राहक कंपन्यांना आणि हार्डवेअर बनवणाऱ्यांना विंडोजचा कोड डीबगिंगसाठी बघायला मिळे, बदलायला मिळत नसे. २००२ मध्ये ‘रोटर’ नावाने डॉट नेटची एक आवृत्ती आली. ती फ्रीबीएसडीवरसुद्धा चालायची आणि तिच्यात बदल करता यायचे, पण धंद्यासाठी वापरायची नाही ही अट होती. २००६ मध्ये विद्यापीठांसाठी ‘विंडोज रिसर्च कर्नल’ आला. ऑपरेटिंग सिस्टिमच्या वर्गात विंडोजचा खरा कर्नल उघडून, बदलून, बिल्ड करून बघता येऊ लागला. शिकण्याच्या दृष्टीने ही निश्चितच चांगली गोष्ट होती.

आणि जानेवारी २००३ मध्ये सुरू झाला सरकारांसाठीचा ‘गव्हर्नमेंट सिक्युरिटी प्रोग्रॅम’. रशिया आणि नाटो सुरुवातीलाच आले, चीननेही त्याच वर्षी फेब्रुवारीत सही केली. आपल्या देशाचं संरक्षण खातं ज्या सिस्टिमवर चालतं तिच्यात चोरदरवाजा नाही ना, एवढं बघण्याची ही सोय. पुढे यासाठी खास ‘ट्रान्स्परन्सी सेंटर’ उघडण्यात आली. २०१४ मध्ये रेडमंडला, २०१५ मध्ये ब्रुसेल्सला आणि २०१६ मध्ये सिंगापूर, बीजिंग आणि ब्राझिलियाला. सरकारचे तज्ज्ञ तिथे जातात, कंपनीच्या मशीनवर बसून कोड बघतात, आपली तपासणी करतात आणि रिकाम्या हाताने बाहेर पडतात. सिनियरची रूमच म्हणा ना!

दरम्यान, याच ‘शेअर्ड सोर्स’ घराण्यातली दोन लायसन्सं इतकी मोकळी होती की ऑक्टोबर २००७ मध्ये ओपन सोर्स इनिशिएटिव्हने त्यांना चक्क ओपन सोर्स म्हणून मान्यता दिली. म्हणजे ‘शेअर्ड सोर्स’ हा एकच शब्द, पण त्यात ‘फक्त बघा’पासून ‘घ्या आणि काय करायचं ते करा’पर्यंत सगळं येत होतं. म्हणून तर म्हणतो, नावावर जाऊ नका, ते तीन प्रश्न विचारा.

बघितलं म्हणजे तपासलं का?

समजा, तुम्हाला कोड दाखवला. तुम्ही सगळा वाचला (विंडोजच्या कोट्यवधी ओळी आहेत, पण समजा!). त्यात काही वावगं सापडलं नाही. मग तुमच्या ऑफिसमधल्या मशीनवर चालणारी बायनरी याच कोडपासून बनली आहे हे कशावरून?

शंका फार जुनी आहे. युनिक्सचे एक जनक केन थॉम्प्सन यांनी आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात, जे १९८४ मध्ये छापून आलं, एक भन्नाट युक्ती सांगितली. कंपायलरमध्ये अशी गडबड करून ठेवायची की लॉगिन प्रोग्रॅम कंपाइल करताना तो गुपचूप चोरदरवाजा घालेल. आणि पुन्हा कंपायलरच कंपाइल करायला घेतला की हीच गडबड तो नव्या कंपायलरमध्येही घालेल. मग कंपायलरच्या सोर्समधून ती गडबड पुसून टाकायची. आता लॉगिनचा सोर्स स्वच्छ, कंपायलरचा सोर्सही स्वच्छ, आणि तरी दार उघडंच! सोर्स वाचून विश्वास ठेवण्याला मर्यादा आहे हे त्यांनी चाळीस वर्षांपूर्वीच सांगून ठेवलं.

हे नुसतं पुस्तकी वाटत असेल तर इंग्लंडमधल्या बॅनबरी गावाचं उदाहरण घ्या. ब्रिटनच्या टेलिफोन कंपन्या ह्वावे या चिनी कंपनीची यंत्रं घेत होत्या. सरकारला काळजी होती, म्हणून २०१० मध्ये बॅनबरीला एक तपासणी केंद्र उघडण्यात आलं. खर्च ह्वावेचा, माणसं सुरक्षा तपासणी झालेली, आणि पुढे त्यावर सरकारी गुप्तचर विभागाच्या तज्ज्ञांची देखरेख समिती. कोड दाखवण्याचा इतका कसून झालेला प्रयोग क्वचितच सापडेल.

या समितीच्या २०१८ आणि २०१९ च्या अहवालांत मुख्य अडचण हीच निघाली. केंद्रात तपासलेला सोर्स आणि टॉवरवर प्रत्यक्ष चालणारं सॉफ्टवेअर एकच आहे, याची सरसकट खात्री देता येईना, कारण कंपनीची बिल्ड करण्याची पद्धतच विस्कळीत होती. २०१९ च्या अहवालात तर एक गमतीदार आणि भीतीदायक आकडा आहे. एका मोबाईल टॉवरच्या सॉफ्टवेअरमध्ये ओपनएसएसएल या एकाच लायब्ररीच्या चार वेगवेगळ्या आवृत्त्यांच्या मिळून ७० पूर्ण कॉप्या सापडल्या! आपल्या प्रोजेक्टमध्ये ‘फायनल’, ‘फायनल२’, ‘खरंच फायनल’ अशा फोल्डर्सचा जो बाजार असतो, त्याचं हे औद्योगिक रूप. लक्षात घ्या, तपासणाऱ्यांनी ‘चीन सरकारने मुद्दाम केलं’ असं म्हटलं नाही. त्यांनी म्हटलं की इंजिनिअरिंगच खराब आहे. आणि खराब इंजिनिअरिंगमधून चोरदरवाजा आहे की नाही हे ठरवताच येत नाही. पुढे अमेरिकेच्या निर्बंधांनंतर जुलै २०२० मध्ये ब्रिटनने ही यंत्रं २०२७ पर्यंत ५जी नेटवर्कमधून काढून टाकायचा निर्णय घेतला. पण कोड दाखवल्याने तपासणी पूर्ण होत नाही, ही गोष्ट त्याआधीच कागदावर आलेली होती.

म्हणजे पहिला प्रश्न, ‘स्वतः बिल्ड करता येतं का?’, हा सगळ्यात महत्त्वाचा. दिलेल्या कोडपासून आपण बिल्ड केलं आणि त्यातून बिट-बिट तीच बायनरी आली, तरच तपासणी पुढे सरकते. (आणि थॉम्प्सनचं ऐकायचं तर कंपायलरवरही एक डोळा ठेवायचा!)

बघितलेलं विसरता येत नाही

दुसरी अडचण बघणाऱ्याच्या डोक्यात आहे. १९८१ मध्ये आयबीएमने पीसी काढला तेव्हा त्याच्या टेक्निकल मॅन्युअलमध्ये बायोसचा पूर्ण सोर्स छापला होता. कुणीही विकत घ्यावं आणि वाचावं. वा, किती उदारपणा! पण कॉपीराइट आयबीएमचाच. ज्याने ते वाचलं त्याने नंतर स्वतःचा बायोस लिहिला, तर ‘तू आमचाच उतरवलास’ हा आरोप ठरलेला.

फिनिक्स कंपनीने यातून वाट काढली. एका गटाने आयबीएमचा बायोस अभ्यासला आणि तो काय करतो, कुठल्या इनपुटला कुठलं आउटपुट देतो, एवढंच लिहून काढलं. कोड अजिबात नाही. हे वर्णन दुसऱ्या माणसाकडे गेलं, ज्याने आयबीएमचा कोड कधी पाहिलेला नव्हता. त्याने नवा बायोस लिहिला. या पद्धतीला ‘क्लीन रूम’ म्हणतात. १९८४ पासून फिनिक्सने हा बायोस विकायला काढला आणि स्वस्त पीसींची लाट आली. आपल्याकडच्या गल्लीबोळातल्या ‘असेंबल्ड’ पीसीचे मूळ तिथपर्यंत जाते.

म्हणूनच विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारा ‘वाइन’ प्रकल्प आजही सांगतो की तुम्ही मायक्रोसॉफ्टचा विंडोज सोर्स पाहिला असेल, तर आमच्यासाठी कोड लिहू नका. ‘रिॲक्टओएस’ने २००६ मध्ये असे आरोप झाल्यावर काम थांबवून सगळ्या कोडची तपासणी केली. ‘मोनो’, म्हणजे डॉट नेटचा मुक्त अवतार, त्याचे लोकही सांगायचे की रोटर वाचलेल्यांनी इकडे येऊ नये. विचार करा, कुतूहलाने एक फाईल उघडली आणि एका क्षेत्रात काम करायची वाट बंद! ‘नुसतं बघायला काय जातंय?’ याचं उत्तर : पुष्कळ काही जातं.

मोनोच्या कथेचा शेवट मात्र गोड आहे. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०१४ मध्ये डॉट नेट कोअर एमआयटी लायसन्सखाली खुला करायचं जाहीर केलं, २०१६ मध्ये मोनोमागची कंपनी झॅमरिन विकत घेतली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये मोनो प्रकल्प सोपवला तो वाइनच्याच मंडळींकडे! जे ‘बघू नका’ म्हणत होते त्यांच्याच हातात चावी आली.

चावी जितक्यांकडे, तितक्या शंका

तिसरी अडचण दाखवणाऱ्याची. फेब्रुवारी २००४ मध्ये विंडोज २००० आणि एनटी ४ च्या कोडचे मोठे तुकडे इंटरनेटवर फुटले. माग लागला तो मेनसॉफ्ट या कंपनीपर्यंत. विंडोजचे प्रोग्रॅम युनिक्सवर न्यायचं काम ती करायची आणि त्यासाठी १९९४ पासून तिच्याकडे सोर्सचं लायसन्स होतं. फुटलेला कोड वाचून काही दिवसांतच कुणीतरी इंटरनेट एक्सप्लोरर ५ मधला एक दोष जाहीरही केला. २०१७ मध्ये विंडोज १० च्या कोडचे काही भाग बाहेर आले, तेव्हा ते भागीदारांना दिल्या जाणाऱ्या शेअर्ड सोर्समधलेच असल्याचं मायक्रोसॉफ्टने मान्य केलं.

यात आपल्या देशाचंही नाव एकदा आलं. जानेवारी २०१२ मध्ये एका हॅकर गटाने दावा केला की सिमँटेकच्या नॉर्टनचा सोर्स आम्हाला भारतीय लष्कराच्या सर्व्हरवर मिळाला. जगभर चर्चा झाली की सरकारला दाखवलेला कोड सरकारने सांभाळला नाही. पुढे सिमँटेकनेच सांगितलं की हा कोड २००६ मध्ये खुद्द कंपनीच्या नेटवर्कमधून चोरीला गेला होता, आणि ‘पीसीएनीव्हेअर’ वापरणाऱ्यांना ते काही काळ बंद ठेवायचा सल्ला दिला. म्हणजे कोड फुटला कुठून हे कळायच्या आधीच ज्यांनी बघितला असेल त्यांच्यावर संशय जातो!

आणि दोन परस्परविरोधी गिऱ्हाइकांना एकच कोड दाखवला तर? ऑक्टोबर २०१७ मध्ये रॉयटर्सने बातमी दिली की एचपी एंटरप्राइजने आर्कसाइट हे सुरक्षेचं सॉफ्टवेअर रशियात विकण्यासाठी त्याचा सोर्स रशियन तपासणीसांना दाखवला होता. तेच सॉफ्टवेअर अमेरिकेचं संरक्षण खातं वापरत होतं. तपासणी आमच्याच देखरेखीखाली झाली आणि धोका नव्हता, असं कंपनीचं म्हणणं होतं. पण अमेरिकेत गदारोळ व्हायचा तो झालाच.

मग कोड लपवणंच शहाणपणाचं का? तर तसंही नाही. ऑगस्ट केर्कहॉफ्स या डच गृहस्थांनी १८८३ मध्येच लिहून ठेवलंय की गुप्तलिपीची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालली पाहिजे. गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. डिसेंबर २०२० मध्ये सोलरविंड्स प्रकरणातल्या हल्लेखोरांनी मायक्रोसॉफ्टचा काही सोर्स पाहिल्याचं उघड झालं. तेव्हा मायक्रोसॉफ्टनेही असंच सांगितलं की कोड हल्लेखोराला माहीत आहे असं धरूनच आम्ही सुरक्षेचा विचार करतो. मग गुप्तता कशासाठी? मुख्यतः धंद्यासाठी. तेही चूक नाही, पण सुरक्षेच्या नावाखाली ते खपवू नये एवढंच.

बरं, आपला काय संबंध?

खूप आहे. पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांमध्ये आपल्यातले कितीतरी जण दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीच्या मालकीच्या कोडवर काम करणार. म्हणजे ‘निवडक बाहेरचे लोक’ ते आपणच! मागच्या सुट्टीत इंटर्नशिपच्या पहिल्या दिवशी माझ्यासमोरही एनडीए, म्हणजे गुप्ततेचा करार, आला. सगळे पटापट सह्या करत होते. मी वाचत बसलो तर एचआरच्या मॅडम म्हणाल्या, “सगळ्यांचं सेमच आहे रे.” सेम असलं तरी वाचायचं, कारण सही आपली असते. त्यावरून काही सूचना :

१. करारात ‘गुप्त’ कशाला म्हटलंय ते बघा. फक्त कोड, की तिथे शिकलेली प्रत्येक कल्पना? मुदत किती? नोकरी सोडल्यावर किती वर्षं?

२. एखाद्या ओपन सोर्स प्रकल्पात काम करत असाल किंवा करायचं असेल, तर त्याच विषयातला बंद कोड बघण्याआधी विचारून घ्या. नंतर ‘मी विसरलो’ हे सिद्ध करता येत नाही.

३. नेटवर फुटलेला कोड ‘अभ्यासासाठी’ उतरवून घेऊ नका. ज्ञान मिळेल, पण ते कुठे वापरता येणार नाही. अभ्यासालाच पाहिजे तर लिनक्स आहे, मिनिक्स आहे, लायन्सचं पुस्तकही आता मोकळेपणी वाचता येतं.

४. ही सूचना स्टाफसाठी. समजा कॉलेजने ॲडमिशनचं किंवा लायब्ररीचं सॉफ्टवेअर एका छोट्या कंपनीकडून घेतलं आणि तीन वर्षांनी ती कंपनी बंद पडली. डेटा आत, किल्ली गायब! यावर ‘एस्क्रो’ हा उपाय आहे. कंपनी आपला सोर्स एका त्रयस्थाकडे ठेवते आणि ती बुडाली किंवा तिने सेवा बंद केली तर तो कोड ग्राहकाला मिळतो. करार करतानाच हे मागावं लागतं. आणि ठेवलेल्या कोडपासून बिल्ड होतं का, हे एकदा करून बघावं, नाहीतर बॅनबरीची पुनरावृत्ती आपल्या ऑफिसात. दुसरा मार्ग म्हणजे पहिल्यापासून ओपन सोर्स घेणं; केंद्र सरकारनेही २०१५ च्या धोरणात आपल्या खात्यांसाठी त्यालाच प्राधान्य दिलं आहे.

५. आणि शेवटची आपल्या सगळ्यांसाठी. बीईचा प्रोजेक्ट गिटहबवर टाकला की आपल्याला वाटतं, झाला ओपन सोर्स! नाही हो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम ही ‘साहित्यकृती’ मानली जाते आणि लिहिल्याबरोबर तिचे हक्क लेखकाकडे राहतात. लायसन्सची फाईल टाकली नाही, तर लोकांना तो कोड गिटहबवर दिसतो, तिथल्या तिथे फोर्कही करता येतो. पण आपल्या कामात कायदेशीरपणे वापरता येत नाही. म्हणजे क्रेग मंडींचं नावही न ऐकता आपण ‘दाखवीन, पण देणार नाही’ असं म्हणून बसलेलो असतो!

देणार नसाल तर हरकत नाही, तो तुमचा हक्क आहे. पण द्यायचं असेल तर एमआयटी, जीपीएल, जे पटेल त्या लायसन्सचा मजकूर प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि बिल्ड कसं करायचं तेही चार ओळींत लिहा. पाच मिनिटांचं काम आहे. पुढच्या वर्षीच्या ज्युनियर्सना आपला प्रोजेक्ट नुसता बघायला नको, चालवायला आणि सुधारायला मिळू दे.